डाव्या काठीची झीज

मित्रांनो, मी एक जुनी काठी आहे. जोडीतली डावी. उजवी माझी जुळी बहीण. ती इथंच शेजारी टेकून उभी आहे, पण ती पहिल्यापासून घुमी. तिच्या तोंडून तुम्हाला काही कळायचं नाही, म्हणून बोलायचं काम माझ्या गळ्यात पडलं आहे. सुरुवातीलाच एक सांगून ठेवते. मला कुबडी म्हणायचं नाही. म्हणालात तर मी पुढचं काही सांगणार नाही. मी चालण्याच्या व्यायामाची काठी आहे. दोन हातांत दोन काठ्या घेऊन, झपाझप चालायचं असतं. लंगडणाऱ्याला टेकू द्यायला मला कुणी बनवलं नव्हतं.

माझा जन्म कारखान्यातला. ॲल्युमिनियमच्या दोन नळ्या, एक दुसरीत सरकणारी. उंची कमी-जास्त करायला मधे एक खटका. वर बुचाची मऊ मूठ, मुठीला मनगटाचा पट्टा. खाली पोलादी टोक आणि त्या टोकावर रबरी बूट, म्हणजे डांबरी रस्त्यावर खडखडाट होऊ नये. शेवटच्या टेबलावर एक जाडजूड माणूस बसलेला असे. तो प्रत्येक काठीवर रेलून सगळा भार टाकायचा. माझ्यावर टाकला, मी वाकले नाही, तेव्हा तो म्हणाला, "चालेल." एवढ्या एका शब्दावर मी कितीतरी दिवस फुशारले होते.

पण नशीब बघा. कुणीतरी आमच्या बारा जोड्या कॅन्सरच्या हॉस्पिटलला भेट दिल्या आणि त्यांचं काय करायचं हे तिथं कुणालाच माहीत नव्हतं. आम्ही गेलो कपाटात. अकरा जोड्या धूळ खात पडल्या. मला मात्र भांडारातल्या कारकुनानं बाहेर काढलं, कारण वरच्या फळीवरच्या फाइली त्याच्या हाताला येत नसत. दोन वर्षं मी फाइली पाडल्या. एकदा त्यातली एक त्याच्याच टाळक्यात पडली. त्याबद्दल मला अजूनही वाईट वाटत नाही.

मग व्यायाम शिकवणारी एक नवीन बाई आली. सगळे तिला ताई म्हणायचे. तिनं कपाट उघडलं, आम्हाला पाहिलं आणि कारकुनाला विचारलं, "अहो, हे तुम्ही इथं कोंडून ठेवलंय?" त्याच आठवड्यात हॉस्पिटलच्या मागच्या रस्त्यावर आठ जण उभे राहिले. कुणाचे केस गेलेले, कुणाच्या तोंडाची चव गेलेली, कुणाला दोन जिने चढले की धाप लागायची. ताईनं त्यांना पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं. "काठी धरून चालल्यानं कॅन्सर बरा होत नाही. ते काम डॉक्टरांचं. पण थकवा कमी वाटतो, पाठ ताठ राहते, ऑपरेशन झालेला खांदा मोकळा होतो, आणि माणूस घराबाहेर पडतं. मला तेवढं पुरे आहे." दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी आमची रांग निघू लागली.

मी ज्यांच्या हातात आले त्या कंडक्टरबाई. तीस वर्षं बसमध्ये तिकिटं फाडलेली बाई. मला हातात घेतल्या घेतल्या त्या ताईला म्हणाल्या, "चालत्या गाडीत काही न धरता आयुष्य काढलं मी. आणि आता थांबलेल्या रस्त्यावर दोन-दोन काठ्या धरू?" पण धरल्या. त्यांच्या डाव्या छातीचं ऑपरेशन झालं होतं. डावा हात सुजायचा, त्यावर घट्ट बाही चढवलेली असायची, आणि तो मागे जातच नसे. पहिले काही आठवडे मी त्यांच्या हाताला नुसती लोंबकळत होते. जमिनीला टोक लागलं तर लागलं. मग हळूहळू खांदा सैल झाला, हात मागे जाऊ लागला, आणि एक दिवस त्यांनी मला रोवून असा रेटा दिला की मी म्हटलं, आता झाली आपली खरी नोकरी सुरू. सहा महिन्यांत बाई रांगेच्या पुढे होत्या. मागे वळून ओरडायच्या, "चला, पुढे सरका, दारात गर्दी करू नका." सगळे हसायचे आणि खरंच पाय उचलायचे. रोजच्या सरावासाठी ताईनं आम्हा बहिणींना त्यांच्या घरी राहायला पाठवलं.

घरी त्यांचे यजमान. ते बसडेपोत टायरमिस्त्री होते, आता निवृत्त. बाई त्यांना मिस्त्रीच म्हणायच्या आणि ते बाईंना कंडक्टर म्हणायचे. माणूस फार प्रेमळ, आणि हात कायम शिवशिवणारे. बायकोच्या औषधातलं त्यांना काही कळत नव्हतं. पण आमचे रबरी बूट त्यांना कळत होते. दर रविवारी चहा झाला की ते गॅलरीत वर्तमानपत्र अंथरायचे, आम्हाला मांडीवर आडवं घ्यायचे, बूट उपसायचे, ब्रशनं घासायचे आणि डावीचा बूट उजवीला, उजवीचा डावीला घालायचे. टायर असेच फिरवतात म्हणे, म्हणजे सगळे सारखे झिजतात. "माझ्या गाडीचे टायर कसे एकसारखे आहेत बघ," असं ते बाईंना दाखवायचे. बाई म्हणायच्या, "गाडी कुणाची?" मला त्या रविवारांची सवय झाली होती. ब्रशच्या गुदगुल्या आवडायच्याही.

मित्रांनो, इथपर्यंत सगळं गोड होतं. आता नीट ऐका.

आमच्या चालीत विरुद्ध बाजूंचे हातपाय जोडीनं पडतात. उजवा पाय पुढे पडतो तेव्हा मी, म्हणजे डावी काठी, जमिनीला टेकते. एका शुक्रवारी बाईंचा उजवा पाय पडला आणि माझ्यावर जरा जास्त भार आला. रेटा मागे जायला हवा, तो सरळ खाली आला. मी म्हटलं, खडा आला असेल पायाखाली. पुढच्या पावलाला तेच. त्याच्या पुढच्या पावलाला तेच. मंगळवारी भार आणखी वाढला. बाईंचा उजवा पाय जमिनीला टेकायला कुरकुरत होता आणि त्याच्या वाटणीचं वजन माझ्या मुठीवर येत होतं. उजवीला मी विचारलं. ती म्हणाली, "माझ्याकडे तर काहीच येत नाही." तेव्हा मला भीती वाटली.

बघणाऱ्याला मात्र काही दिसत नव्हतं. तीस वर्षं हेलकावे खाणाऱ्या बसमध्ये तोल सांभाळलेली बाई ती. लंगडणं कसं झाकायचं हे तिला शिकवायला नको होतं. उलट झालं काय, तर ताईला दिसला तो बाईंचा डावा हात. एकेकाळी नुसता लोंबणारा हात आता काठी जोरात दाबत होता. ताईनं रांग थांबवली. म्हणाली, "सगळ्यांनी काकूंचा डावा हात बघा. ऑपरेशनच्या बाजूचा आहे हा. काय जोर आलाय." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाई हसल्या आणि त्यांनी माझी मूठ इतकी आवळली की बूच दबलं. आयुष्यात मला कौतुकाची हाव फार, पण त्या टाळ्या मला नको होत्या.

माझा एकच भरवसा होता, तो म्हणजे माझा बूट. माझ्यावर भार जास्त, तर माझं रबर जास्त झिजणार. ताई महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सगळ्यांच्या काठ्या उलट्या करून बघायची. मी दिवस मोजत होते. पण त्याआधी चार रविवार आले. चार रविवार मिस्त्रींनी माझा झिजलेला बूट उजवीला घातला आणि उजवीचा धड बूट मला. फरक त्यांना दिसला नाही असं नाही. पहिल्याच रविवारी त्यांनी बूट डोळ्यांजवळ धरला आणि म्हणाले, "डावीचं जास्त खाल्लंय. रस्ता डावीकडे उतरता असणार." टायरवाल्याच्याच डोक्यात येईल असं कारण ते. अदलाबदल केली की झालं, असं म्हणून ते खूश. पहिल्या मंगळवारी ताईनं आम्हाला उलटं केलं तर दोन्ही बूट अगदी सारखे. ती म्हणाली, "काकूंची चाल किती सरळ आहे बघा. झीजसुद्धा एकसारखी." मिस्त्री रांगेच्या कडेला उभे होते. त्यांची छाती फुगली. आणि मी, जिला सगळं ठाऊक होतं, ती ताईच्या हातात उलटी लटकत होते.

असे चार महिने गेले. घरात बाई ओट्याला धरून उभ्या राहायच्या. खुर्चीत बसताना आधी डावा पाय वाकवायच्या आणि उजवा तसाच पुढे ठेवायच्या. मिस्त्रींनी विचारलं तर म्हणायच्या, "गुडघा हो. वय झालं." एकदा मिस्त्री भाजी आणायला गेले होते. बाई पलंगावर बसून उजव्या पायात मोजा घालत होत्या. पाय वर येईना. त्यांनी मोजा खाली टाकला, मला जवळ ओढलं, माझ्या मुठीवर कपाळ टेकलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "परत नको. आता परत नको." म्हणजे त्यांनाही कळलं होतं, मित्रांनो. दुखणं गुडघ्यात नव्हतं, वर मांडीत होतं. ते कशाचं असू शकतं हे त्या जाणून होत्या आणि डॉक्टरांच्या तोंडून ऐकायला त्यांचा जीव धजावत नव्हता. त्या क्षणी मला त्यांचा राग आला आणि दयाही आली, दोन्ही एकदमच.

त्यात ताईनं एक बेत केला. शहराबाहेरच्या तलावाला फेरी मारायची. सगळ्या गटानं, मंगळवारी सकाळी, बसनं जाऊन. पाच किलोमीटर वाट आणि शेवटी बांधावर चढायला दगडी पायऱ्या. पुढे कोण चालणार? कंडक्टरबाई. त्यांनी मान डोलावली. माझ्या डोळ्यांसमोर त्या पायऱ्या उभ्या राहिल्या. सपाट रस्त्यावर जो पाय नीट टेकत नाही तो दगडी पायरीवर काय करेल? माझ्यासारखी काठी भार घेईल, पण मांडीतलं हाड पिळवटलं तर मी काय करणार होते?

नेमकं तेव्हाच मिस्त्रींच्या थोरल्या बहिणीच्या डोळ्यांचं ऑपरेशन निघालं. तिचं करायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून ते तीन आठवडे तिकडे जाऊन राहिले. तीन रविवार कुणी वर्तमानपत्र अंथरलं नाही. माझा बूट माझ्याच पायात राहिला. मी अशी झिजले, अशी झिजले, की तिसऱ्या आठवड्यात रबराला भोक पडून माझं पोलादी टोक रस्त्यावर टकटक वाजू लागलं. बाई म्हणाल्या, "मिस्त्री आले की बघतील." गटातल्या कुणाला ते वाजणं खटकलं नाही. ताई त्या दिवसांत तलावाच्या फेरीच्या धावपळीत होती.

मिस्त्री परतले ते सोमवारी संध्याकाळी. दुसऱ्या दिवशी सकाळीच तलावाची फेरी. बॅग ठेवली आणि म्हणाले, "उद्या गाडी लांब जायची आहे, टायर बघून घेतो." गॅलरीत बसले, आधी उजवीचा बूट काढला. जवळजवळ नवा. मग माझा काढला. त्यातून त्यांचं बोट आरपार गेलं.

त्यांनी दोन्ही बूट शेजारी शेजारी धरून पाहिले. मग उठले, ओट्यावरची पाण्याची गोल बाटली घेतली, मला काखेत मारलं आणि खाली उतरले. बाई रोज सराव करायच्या त्याच रस्त्यावर त्यांनी बाटली आडवी ठेवली. ती हलली नाही. दहा पावलं पुढे जाऊन पुन्हा ठेवली. तिथंही हलली नाही. तिसऱ्या ठिकाणी ते गुडघ्यावर बसून तिच्याकडे बघत राहिले. रस्ता कुठेच उतरता नव्हता. 

वर आल्यावर त्यांनी दोन्ही बूट बाईंच्या समोर टेबलावर ठेवले.

"कुठं दुखतंय?"

"कुठं काय? काही दुखत नाही."

"दुखतंय का, असं मी विचारलंच नाही. कुठं, ते विचारलं."

बाईंनी दोन्ही बूट बाजूला सारले.

"डेपोत येणाऱ्या प्रत्येक नव्या पोराला मी हेच सांगायचो," मिस्त्री म्हणाले. "एका बाजूनं टायर खाल्ला, तर टायरला हात लावू नका. आधी चाक तपासा. आणि घरात चार महिने मी काय केलं? दर रविवारी बसून तुझं दुखणं पुसून टाकलं."

"उद्याचं होऊ द्या," बाई म्हणाल्या. "एक उद्याचं. परवा तुम्ही म्हणाल त्या डॉक्टरकडे येते. नवी रबरं बसवा आणि ताईंसमोर चकार शब्द काढू नका. माझी शपथ आहे तुम्हाला."

मिस्त्रींनी नवी रबरं बसवली. शपथेला मात्र ते हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. दोन्ही जुने बूट त्यांनी खिशात टाकले. तो माणूस बायकोचा शब्द कधी मोडत नसे, हे मला माहीत होतं. म्हणून माझा जीव टांगणीला लागला.

सकाळी हॉस्पिटलच्या फाटकाशी बस उभी होती. सगळे चढत होते. बाई रांगेत शेवटी राहिल्या, मुद्दाम, म्हणजे मागून कुणी बघायला नको. बसची पहिली पायरी उंच होती. त्यांनी डावीकडून मला जमिनीत रोवलं आणि उजवा पाय पायरीवर ठेवला. आता सगळा भार त्या पायावर टाकून वर चढायचं. माझ्या नळ्यांमधला खटका करकरला.  मिस्त्री दोन पावलांवर उभे होते, हात खिशात, ओठ घट्ट मिटलेले. मी मनात म्हटलं, अहो बोला, आता नाही तर कधी.

"ताई," ते म्हणाले. "हे जरा बघता?"

त्यांनी तळहात पुढे केला. एक बूट धड, एकाला भोक. "हे डावीचं आहे. तीन आठवड्यांतलं. आधी दिसलं नाही, कारण मी दर रविवारी अदलाबदल करत होतो. मला वाटलं, रस्ता उतरता आहे."

ताईचा चेहरा खर्रकन उतरला. डावी काठी म्हणजे उजवा पाय, हे तिला समजावून सांगायची गरज नव्हती. आपण टाळ्या कशाला वाजवायला लावल्या हेही तिला तिथल्या तिथं कळलं असावं. ती शांतपणे म्हणाली, "काकू, तिथंच थांबा. वर चढू नका. पाय हळूच खाली घ्या, भार काठीवर द्या." पाय खाली आला. तिनं बाईंच्या खांद्यावर हात ठेवला. "मांडीत दुखतं? पडून राहिलात तरी दुखतं?"

बाईंनी बसच्या खिडक्यांकडे पाहिलं. सात चेहरे त्यांच्याकडे बघत होते. मग नवऱ्याकडे पाहिलं, तेही रागानंच. आणि म्हणाल्या, "हो. चार महिने."

चाकांची खुर्ची आली. त्यानंतर त्या दिवशी बाईंना एकही पाऊल टाकू दिलं नाही. दुपारी मांडीचा एक्स-रे निघाला. आजार परत आला होता, उजव्या मांडीच्या हाडात, वरच्या टोकाला. हाड आतून पोखरून बाहेर पातळ कवच राहिलं होतं. सर्जन ताईला म्हणाले, "पायरीवर एक हिसका बसला असता तर मोडलंच होतं. मोडण्याआधी सापडलं, तर आधार देता येतो." दोन दिवसांनी त्यांनी बाईंच्या मांडीच्या हाडात धातूची सळई घातली. मी ऐकलं तेव्हा मला वाटलं, बरं झालं, नात्यातलीच कुणीतरी गेली आत.

बाई नवऱ्याशी तीन दिवस बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी मिस्त्री पलंगाशेजारी बसून रडायला लागले. ताईही दारात उभी होती, तिचेही डोळे भरलेले. तेव्हा बाई म्हणाल्या, "मी लपवलं, यांनी पुसलं आणि तुम्ही टाळ्या वाजवल्यात. तिघांनी मिळून केलंय हे. आता रडायचं तर तिघांनी मिळून रडू, नाहीतर कुणीच नको. मला पायाचा व्यायाम सांगा."

मित्रांनो, सगळं छान झालं असं मी सांगणार नाही. औषधं पुन्हा सुरू झाली, केस पुन्हा गेले. किती दिवस, किती वर्षं, हे डॉक्टरही सांगत नाहीत. पण पाय मोडला नाही. अकराव्या आठवड्यात बाई आम्हा दोघींना घेऊन हॉस्पिटलच्या मागच्या रस्त्यावर आल्या. या वेळी रांगेत पुढे नव्हत्या, मधे होत्या. आता ताई कौतुक करायच्या आधी प्रत्येकाला विचारते, आज कुठं दुखतंय. मिस्त्री आमचे बूट घासतात, पण अदलाबदल करत नाहीत.

वळणाशी पोचलो आणि बाई थांबल्या. मला वाटलं, त्यांच्या बुटाची नाडी सुटली असेल. पण त्यांनी माझ्यावर भार दिला, अगदी उघड, लपवाछपवी न करता, आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "थांबा. उजवीकडे दुखतंय. कालच्यापेक्षा जास्त." अख्खी रांग थांबली. मिस्त्रींनी हातातली घडीची खुर्ची उघडली, ताई आली, कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्या दिवशीचं दुखणं स्नायूंचं निघालं. पुढच्या वेळी काय निघेल, मला माहीत नाही. मी मात्र त्या दिवसाइतकी सुखानं कधी उभी राहिले नव्हते.

आम्हाला वापरा, धूळ खात ठेवू नका, फाइली पाडायला तर मुळीच नको. आमची झीज दिसली तर घाईनं नवं रबर चढवू नका, आधी बघा ती कोणत्या बाजूची आहे. घरातलं माणूस "काही नाही" म्हणालं, तर पुन्हा एकदा विचारा. आणि दुखणारे तुम्ही स्वतः असाल, तर सांगा हो. भार आम्ही हवा तेवढा घेऊ, पण सांगायचं काम आमच्यानं होत नाही.